मुलगे, मुली आणि जुगार: फरक खरा किती आणि दिसण्यातला किती?

निशिगंध:
नमस्कार. मी शाळेत समुपदेशक आहे. तेरा ते अठरा वयाची मुलं माझ्याकडे येतात. अभ्यासाची भीती, मैत्रीतले रुसवे, घरातली कुरबुर हे विषय नेहमीचेच. अलीकडे त्यात पैशांची भर पडली आहे. मुलगा येतो, "एकाचं देणं आहे" एवढंच सांगतो आणि गप्प होतो. बऱ्याच वेळाने कळतं की देणं सामन्यावर लावलेल्या पैजेचं आहे आणि मागणारा त्याच्याच वर्गातला आहे.

आता या विषयावर पालकसभा घ्यायची ठरलं आहे. शाळेत बहुतेकांचं मत असं की हा मुलग्यांचा प्रश्न आहे, तेव्हा मुलग्यांच्याच पालकांना बोलवावं, तेही वरच्या वर्गांतल्या. मला हे पटत नाही, पण नुसतं "पटत नाही" म्हटलं तर कोण ऐकणार? शिवाय मुली ही तक्रार घेऊन माझ्याकडे जवळजवळ येतच नाहीत, हेही खरं. त्या खेळत नाहीत म्हणून येत नाहीत, की खेळूनही येत नाहीत? आणि मुलांशी या विषयावर बोलायला कोणत्या वयात सुरुवात करावी? अनुभव, माहिती, मतभेद, सगळ्याचं स्वागत आहे.

सांजवारा:
चांगला धागा. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची जास्त उत्सुकता आहे.

आकडेमोड:
पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण त्यावर बरंच काम झालेलं आहे.

युरोपातल्या १५-१६ वर्षांच्या शाळकरी मुलांची 'एस्पॅड' ही पाहणी १९९५ पासून होत आली आहे. २०१९ च्या फेरीत, गेल्या वर्षभरात पैसे लावून एखादा तरी खेळ खेळलेली मुलं सरासरी २२ टक्के होती. त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींच्या जवळपास दुप्पट. म्हणजे "मुलगे जास्त खेळतात" हे विधान खरं आहे आणि देशोदेशीच्या पाहण्यांत ते पुन्हा पुन्हा दिसतं.

पण पुढे बघा. मुलगे काय खेळतात? सामन्यांवरच्या पैजा, पत्ते, म्हणजे जिथे "मला यातलं कळतं" असं वाटायला जागा आहे ते खेळ. मुली जास्त करून लॉटरी, खरवडायची तिकिटं अशा निव्वळ नशिबाच्या खेळांकडे जातात. त्यामुळे पाहणीत कोणता खेळ विचारला, त्यावर फरक किती दिसेल ते ठरतं. फक्त सामन्यांवरच्या पैजा विचारल्या की दरी प्रचंड दिसते. नशिबाचे खेळ धरले की ती बरीच कमी होते.

आणखी एक. याच पाहणीत ऑनलाइन जुगार खेळणारी मुलं २०१९ मध्ये ७.९ टक्के होती, ती २०२४ मध्ये १४ टक्क्यांवर गेली. एवढ्या थोड्या काळात एवढी वाढ होते, तेव्हा जुन्या समजुतींवर पालकसभा बेतणं धोक्याचं आहे.

रोखठोक:
मला यात उगाच बाऊ केल्यासारखं वाटतं. पैजा लावणं हा मुलांच्या खेळण्याचाच भाग आहे. कोण आधी पोचतो, कोण जिंकतो, हरला तर काय देशील, हे प्रत्येक पिढीने केलं. त्यातली बहुसंख्य माणसं सरळ नोकरीधंदा करून संसार करतात. शंभरातला एखादा वाया जातो म्हणून नव्व्याण्णवांना पापी ठरवू नका.

निशिगंध:
रोखठोक, पापी कोणालाच ठरवायचं नाही. बहुसंख्य मुलांना नाद लागत नाही हेही मान्य. पण तो "एखादा" माझ्यासमोर खुर्चीत बसलेला असतो. त्याने वडिलांच्या फोनवरून पैसे वळते केलेले असतात आणि रात्र रात्र झोपलेला नसतो. त्याला नव्व्याण्णवांचा दाखला देऊन काय उपयोग?

आकडेमोड:
@रोखठोक, तुमचा "शंभरातला एखादा" अंदाजाने अगदीच चुकीचा नाही. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनच्या २०२४ च्या पाहणीत ११ ते १७ वयाची २७ टक्के मुलं वर्षभरात स्वतःचे पैसे लावून खेळली होती आणि समस्या म्हणावी इथवर पोचलेली १.५ टक्के होती. मात्र आदल्या वर्षी तोच आकडा ०.७ टक्के होता. आणि "शंभरात एक" हे सगळ्या मुलांमागे आहे. कोण काय खेळतं हे पाहिलं की चित्र बदलतं. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये अंदाज मांडला, की ऑनलाइन कॅसिनो किंवा स्लॉटचे (फिरणारी चिन्हं जुळली तर पैसे मिळतात तसले) खेळ खेळणाऱ्या किशोरांपैकी २६.४ टक्क्यांना त्याचा त्रासदायक नाद असू शकतो. सामन्यांवर पैजा लावणाऱ्यांत १६.३ टक्के. मित्राशी लावलेली पैज आणि हातातल्या फोनवर अहोरात्र चालणारा स्लॉट या एका पंगतीत बसवायच्या गोष्टी नाहीत.

गंमतजंमत:
धर्मराजाला निदान भर सभेत बसून खेळावं लागलं, सगळ्यांना दिसत तरी होतं. आता पांघरुणात फोन घेऊन राज्य घालवता येतं. :)

उंबरठा:
माझ्या धाकट्या भावाचं सांगतो. सोळा वर्षांचा असताना त्याने सामन्यावर पहिली पैज लावली आणि जिंकला. रक्कम छोटीच होती. पण त्या दिवसापासून तो घरात बोलायला लागला की आपल्याला खेळाडूंचा फॉर्म कळतो, मैदान कळतं, बाकीचे मूर्खासारखे आवडत्या संघावर लावतात. आम्ही सगळे कौतुकाने ऐकायचो, कारण खेळाची जाण त्याला खरंच होती.

जाण असूनही तो हरत गेला. हरला की म्हणायचा, निवड बरोबर होती, शेवटच्या क्षणी गडबड झाली. जिंकला की श्रेय स्वतःचं, हरला की पंचाचं नाही तर पावसाचं. मग हरलेले पैसे परत काढायचे म्हणून मोठी रक्कम. तो मित्रांकडून उसने घ्यायचा, एकाचं देणं दुसऱ्याकडून घेऊन फेडायचा. घरात सगळ्यात आधी आईच्या लक्षात आलं, आणि तेही पैशांवरून नाही. तो जेवताना फोन उलटा ठेवायला लागला होता आणि सामना संपला की निकाल काहीही लागो, चिडलेलाच असायचा. आवडता संघ जिंकल्यावरही चेहरा पडलेला, हे आईला खटकलं.

त्याच्या मित्रमंडळीत एकही मुलगी या पैजांत नव्हती. म्हणून निशिगंध यांच्या शाळेतल्या लोकांना हा मुलग्यांचा प्रश्न का वाटतो, ते मी समजू शकतो.

चौकट:
उंबरठा, "शेवटच्या क्षणी गडबड झाली" हे फार महत्त्वाचं आहे. मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

थोडक्यात हुकलेला डाव मेंदूला साध्या हरण्यासारखा वाटत नाही. २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी स्लॉटसारखा खेळ देऊन मेंदूचं चित्रण केलं. थोडक्यात हुकलं की लोकांना साध्या हरण्यापेक्षाही वाईट वाटत होतं, आणि तरीही पुन्हा खेळायची इच्छा मात्र वाढत होती. जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले काही नुसत्या हुकण्यानेही जागे झाले. यातली मेख अशी, की चिन्ह स्वतः निवडलं असेल तेव्हाच ही इच्छा वाढत होती. संगणकाने निवडून दिलं तर नाही. म्हणजे "मी ठरवलं" ही भावना आली की हुकणंसुद्धा खेळायला लावतं. सामन्यावरच्या पैजेत तर सगळं "मी ठरवलं"च असतं.

दुसरी गोष्ट बक्षीस कधी मिळतं याची. दर दहाव्या वेळी नक्की मिळणार असेल, तर मिळणं थांबताच माणूसही लवकर थांबतो. कधी तिसऱ्या, कधी चाळिसाव्या वेळी मिळत असेल, तर तो थांबत नाही, कारण पुढचीच वेळ ती असू शकते. मानसशास्त्रज्ञ स्किनरने कबुतरांवर आणि उंदरांवर हे दाखवून कितीतरी दशकं लोटली. सगळे स्लॉट याच तत्त्वावर चालतात. यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. फरक असलाच तर कोण कोणत्या दाराने आत येतं, इतकाच आहे.

पानगळ:
चौकट यांच्या शेवटच्या वाक्यामुळे लिहावंसं वाटलं. माझी मुलगी चौदाची असताना एक गेम खेळायची. सजवण्याचा, कपड्यांचा, पात्रं गोळा करायचा. मारामारी नाही, शिवीगाळ नाही, आम्ही निर्धास्त. त्यात पेट्या होत्या. पैसे भरून पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. दुर्मीळ पात्र हवं असेल तर उघडत राहायचं. उघडताना चमचमाट, आवाज, आणि दुर्मीळ पात्राची सावली दिसून शेवटी साधंच काहीतरी हातात.

महिन्याचा खर्च बघून मी तिला विचारलं. ती रडली नाही, भांडली नाही. थंडपणे म्हणाली, "आई, आतापर्यंत इतके गेलेत की आता थांबले तर ते सगळे वाया जातील." उंबरठांच्या भावाचं आणि हे बोलणं एकच आहे की नाही सांगा. पण तिला कोणी जुगारी म्हणणार नाही, आणि शाळेतल्या कुठल्याही पाहणीत "तू पैसे लावून खेळतेस का" असं विचारलं असतं, तर तिने मनापासून "नाही" असंच लिहिलं असतं.

सांजवारा:
पानगळ, अंगावर काटा आला. आमच्याकडे नेमका असाच गेम आहे.

रोखठोक:
पण हा जुगार कसा? पैसे दिले, वस्तू मिळाली. आवडती मिळाली नाही, एवढंच. मग लहान मुलांच्या बंद पाकिटातल्या चित्रांनाही जुगार म्हणा.

आकडेमोड:
म्हणावं का यावर देशोदेशी वाद झाला आहे. बेल्जियमच्या नियामकांनी २०१८ मध्ये अशा पैशांच्या पेट्यांना जुगार ठरवलं आणि बऱ्याच कंपन्यांना तिथे त्या काढून टाकाव्या लागल्या. जपानमध्ये २०१२ मध्येच एका प्रकारावर बंदी आली. त्यात पेट्यांतून ठरावीक संच पूर्ण झाला तरच मोठं बक्षीस मिळायचं. इतर कित्येक देश मात्र तुमच्याच बाजूचे आहेत. बाहेर विकता येत नसेल तर तो जुगार नाही, असं ते म्हणतात.

कायदा काहीही म्हणो, या पेट्यांवर जास्त खर्च करणाऱ्यांत जुगाराचा त्रासही जास्त आढळतो, हे २०१८ पासून अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पेट्यांमुळे नाद लागतो, की नाद असलेलेच पेट्या उघडतात, हे त्यावरून ठरत नाही. पण दोन्ही शक्यता पालकांनी ऐकाव्यात अशाच आहेत. आणि बंद पाकिटाला दुकान बंद व्हायची वेळ असते, हाही फरक थोडा नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची:
मी सतरा वर्षांची आहे. मोठ्यांच्या धाग्यात लिहिते आहे, चालेल ना?

मुलगे जिंकले की सगळ्यांना स्क्रीन दाखवत फिरतात. आमच्या वर्गात कोण किती जिंकला हे सगळ्यांना माहीत असतं, कोण किती हरला हे कोणालाच नाही. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की सगळे जिंकतायत. नवीन मुलगा त्यामुळेच आत येतो. न खेळणाऱ्याला "घाबरट" म्हणतात. हे मुलींत नाही. आम्हाला कोणी पैज लावायला भरीस घालत नाही.

पण मुलगी खेळत असेल तर ती कोणालाच सांगत नाही, जिंकली तरी. माझी एक मैत्रीण रात्री झोप येत नाही म्हणून स्पिन फिरवायचा गेम खेळायची. आधी फुकटातले कॉइन होते, मग ताईच्या खात्यावरून. तिला जिंकायचं नव्हतंच. ती म्हणायची, चाक फिरत असतं तेवढा वेळ डोक्यात काही येत नाही. तिला समुपदेशकाकडे जा म्हटलं तर म्हणाली, मुलगी असून जुगार खेळते असं ऐकलं तर घरी काय होईल माहितीये का?

तर निशिगंध मॅडम, येत नाहीत म्हणजे खेळत नाहीत असं नाही.

निशिगंध:
चालेल काय, तुझ्याच प्रतिसादाची गरज होती. मैत्रीण आता कशी आहे? कोणी मोठं माणूस सोबत आहे का तिच्या?

कोपऱ्यातली_खुर्ची:
ताईला कळलं. ताई ओरडली नाही, म्हणून बरं झालं. आता डॉक्टरांकडे जाते, झोपेसाठी आणि बाकीच्यासाठीही.

शिशिर:
मी मनोविकारतज्ज्ञ आहे. या मुलीने तीन परिच्छेदांत जे लिहिलं, ते आमच्या शिक्षणात बऱ्याच उशिरा येतं.

ढोबळ मानाने दोन वाटा दिसतात. एक चेव, स्पर्धा, चारचौघांत वट, पैसा यांची. तिच्यावर मुलगे जास्त. दुसरी मनातलं काहीतरी विसरण्याची. उदासी, चिंता, घरातला ताण असताना चाक फिरवत बसणं. तिच्यावर मुली तुलनेने जास्त, पण मुलगेही असतात आणि त्यांच्याकडे कोणी त्या नजरेने बघत नाही. पहिल्या वाटेवरच्या मुलाला आकडे दाखवून थोडा तरी उपयोग होतो. दुसऱ्या वाटेवरच्या मुलीला "तू हरणारच आहेस" हे सांगून काही होत नाही, तिला जिंकायचंच नाही. तिची झोप आणि उदासी यांच्यावर उपचार व्हायला हवेत. म्हणून दोघांना एकच व्याख्यान देऊन भागणार नाही.

वयाबद्दल. थरार हवासा वाटणं किशोरवयात झपाट्याने वाढतं. मुलींत ते थोडं लवकर शिखराला पोचतं आणि उतरतं, मुलग्यांत जास्त उंच जातं आणि जास्त टिकतं. स्वतःला आवरण्याची क्षमता मात्र दोघांतही विशीच्या मध्यापर्यंत हळूहळूच तयार होते. ही मधली वर्षं सगळ्यात नाजूक. त्यातही अकरा-बारा ते चौदा हा काळ दुर्लक्षित राहतो, कारण तेव्हा पैसे थोडे असतात आणि खेळ निरागस दिसतात. मोठेपणी नाद लागलेल्यांना सुरुवात कधी झाली विचारलं, की अनेकजण याच वयातलं काहीतरी सांगतात.

अजून एक निरीक्षण मोठ्या वयातलं. बायका पुरुषांपेक्षा उशिरा सुरुवात करतात, पण सुरुवात ते गंभीर नाद हे अंतर लवकर कापतात.

आकडेमोड:
डॉक्टर, शेवटच्या मुद्द्यावर किंचित असहमत. ते निरीक्षण मुख्यतः उपचारांना आलेल्या लोकांवरून आहे. सर्वसाधारण लोकसंख्येवरच्या काही मोठ्या अभ्यासांत तसा फरक सापडला नाही. उशिरा सुरू करणारा कोणीही, बाई असो वा पुरुष, लवकर पुढे सरकतो, असंही असू शकतं. पालकसभेत "मुलींना नाद लवकर लागतो" असं वाक्य गेलं, तर लोक मुलींचे फोन काढून घेतील आणि मुलग्यांना मोकळं सोडतील.

शिशिर:
रास्त आक्षेप. सभेत ते वाक्य वापरू नये, हे मान्य.

मृगजळ:
अवांतर: माझा सोळा वर्षांचा पुतण्या म्हणतो त्याच्याकडे "पद्धत" आहे. हरलं की दुप्पट लावायचं, कधीतरी जिंकलं की सगळं वसूल. मला उत्तर देता आलं नाही. आकडेमोड, मदत करा.

आकडेमोड:
आनंदाने. त्याला कागद द्या. १ लावला, हरला. मग २, ४, ८, १६, ३२. सहा वेळा सलग हरला की ६३ गेले आणि पुढचा डाव ६४ चा. एवढं करून जिंकला तर नफा किती? १. निम्मी-निम्मी संधी धरली तरी सलग सहा हरण्याची शक्यता ६४ त एक आहे, म्हणजे रोज खेळणाऱ्याला ती गाठणारच. आणि संधी निम्मी नसते. रुले म्हणजे फिरत्या चाकावर चेंडू कोणत्या आकड्यावर किंवा रंगावर पडेल याची पैज. युरोपीय रुलेच्या चाकावर शून्य धरून ३७ घरं असतात आणि एका आकड्यावर जिंकलं तर लावलेले परत आणि वर ३५ पट मिळतात. तिथे दर शंभरामागे सरासरी २.७ मालकाकडे जातात. अमेरिकी चाकावर शून्यं दोन असतात, तिथे ५.२६.

सामन्यांवरच्या पैजांत मुलांना सगळ्यात आवडते ती पाच सामन्यांची एकत्र पैज (पाचही निकाल बरोबर आले तरच पैसे), कारण बक्षीस डोळे दिपवतं. प्रत्येक सामन्यात मालकाचा वाटा ५ टक्के धरला, तर पाच एकत्र केल्यावर तो सुमारे २३ टक्के होतो. हे गणित मुलाकडूनच करून घ्या, तुम्ही सांगू नका.

आणि "इतके वेळा हरलो, आता जिंकणारच" असं म्हणाला तर त्याला मॉन्टे कार्लोची गोष्ट सांगा. १९१३ मध्ये तिथल्या कॅसिनोत रुलेचा चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर पडला. लोक दर वेळी "आता लाल येणारच" म्हणून लालवर लावत गेले आणि अफाट पैसा घालवून बसले. चाकाला मागचं काही आठवत नाही.

मृगजळ:
धन्यवाद. ६३ घालवून १ मिळतो, हे आज रात्रीच दाखवते त्याला.

उंबरठा:
दाखवा, पण एवढ्यावर अवलंबून राहू नका. माझा भाऊ गणितात हुशार होता. त्याला हे सगळं येत होतं.

रोखठोक:
मुलीचा प्रतिसाद वाचून विचार करतोय. तरी माझा एक आक्षेप उरतोच. तुम्ही सगळे मुलांना आणि पालकांना शिकवायला निघालात, आणि जे हे खेळ मुलांपर्यंत पोचवतात त्यांना कोणी काही विचारत नाही. खेळाडूंच्या अंगावर जाहिराती, सामना सुरू व्हायच्या आधी जाहिराती, मध्यंतरात जाहिराती. मुलगा सामना बघतो म्हणजे पैजेची जाहिरात बघतो. मग घरी बसून बापाने किती समजवायचं?

चौकट:
रोखठोक, यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. इटलीने २०१८ मध्ये जुगाराच्या जाहिरातींवर बंदी आणली. ब्रिटनने २०२१ मध्ये राष्ट्रीय लॉटरीचं किमान वय १६ वरून १८ केलं आणि २०२२ पासून मुलांना विशेष भुरळ घालतील असे खेळाडू किंवा कलाकार जुगाराच्या जाहिरातींत घ्यायला मनाई केली. नियम बदलता येतात. घरातल्या समजावण्यावर सगळा भार टाकणं अन्यायाचं आहे.

पानगळ:
आणि जाहिराती मुलग्यांनाच दिसतात असंही नाही. माझ्या मुलीला दिसायच्या त्या पेट्या उघडणाऱ्या मुलींच्या व्हिडिओतून. ती जाहिरात आहे, हे कुठेच लिहिलेलं नसायचं.

सांजवारा:
प्रश्न: मुलाचं देणं झालं असेल तर पालकांनी फेडावं का? घरात यावरून आताच वाद झाला, हा धागा वाचून दाखवला म्हणून.

उंबरठा:
आम्ही पहिल्यांदा सगळं फेडलं. त्याला वाटलं संकट टळलं, आणि काही दिवसांत पुन्हा सुरू. दुसऱ्या वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळं केलं. देणं कोणाकोणाचं, ते त्याने कागदावर लिहून काढायचं. धमकावणारा एकजण होता, तिथे वडील स्वतः जाऊन बोलले. बाकीचं त्याने त्याच्या खर्चातून हप्त्याने फेडलं, आमच्यासमोर. पैसे त्याच्या हातात न देता थेट ज्याचे त्याला. फोनवरचे पैशांचे सगळे मार्ग काही काळ आईच्या ताब्यात. तो आम्हाला शिव्या घालत होता तेव्हा, आणि आता त्यावर आमच्याशी सहज बोलतो. अधूनमधून घसरला, नाही असं नाही. पण लपवलं नाही.

शिशिर:
अगदी योग्य. फक्त एक भर घालतो. धमकी, आत्महत्येचा विचार किंवा घर सोडून जायची भाषा असेल, तर देणं कसं फेडायचं हा प्रश्न मागे ठेवा. आधी मुलगा सुरक्षित हवा, एकटा सोडायचा नाही, त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्यायचा. जुगाराच्या देण्यात अडकलेल्या मुलांच्या बाबतीत हे मी मनापासून आणि गंभीरपणे सांगतो आहे.

निशिगंध:
सगळ्यांचे आभार. शाळेपुढे काय मांडायचं ते बरंच स्पष्ट झालं. मुलगे आणि मुली दोघांचेही पालक बोलवायचे आणि सुरुवात अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या वर्गांपासून करायची. लहान वर्गांत पेट्या आणि स्पिनबद्दल बोलायचं, मोठ्या वर्गांत पैजा, गणित आणि देण्यांबद्दल. मुलांशी बोलताना मात्र मुलगे-मुली असे गट पाडणार नाही, नाहीतर चेवाने खेळणारी मुलगी आणि विसरण्यासाठी खेळणारा मुलगा दोघेही निसटतील. माझ्या खोलीच्या दारावर "जुगार" हा शब्दही लावणार नाही. कोपऱ्यातली_खुर्ची, तू लिहिलंस म्हणून हे सुचलं.

डॉक्टर, शेवटचं एक. पालकांना घरी विचारता येतील असे काही प्रश्न सांगाल का? लांब यादी नको, ती कोणी वाचत नाही.

शिशिर:
मुलांसाठी नऊ प्रश्नांची एक चाचणी आहे. त्यात हरलेले पैसे परत काढायला गेलास का, घरच्यांशी खोटं बोललास का, न विचारता पैसे घेतलेस का, असं विचारतात. चार किंवा जास्त बाबी लागू झाल्या तर ती समस्या समजतात. ती तुम्ही शाळेत प्रशिक्षित माणसाकडून घ्या.

घरासाठी दोनच प्रश्न पुरतात. मोठ्यांसाठी १९९७ पासून वापरात असलेल्या एका छोट्या चाचणीतले आहेत, मुलांच्या भाषेत असे विचारता येतील: "पूर्वीपेक्षा जास्त जास्त पैसे लावावेसे वाटतात का?" आणि "किती खेळतोस ते कोणापासून लपवावं लागलं का?" यातल्या एकाचंही उत्तर "हो" आलं तर तज्ज्ञाशी बोला. मुलीला विचारताना "पैसे लावावेसे" याऐवजी "पैसे भरावेसे" असंही विचारून बघा, गेममधल्या पेट्या त्यात येतील. आणि विचारताना हातातलं काम सुरू ठेवा, समोर बसवून विचारू नका.

कोपऱ्यातली_खुर्ची:
आणि उत्तर "हो" आलं तर लगेच फोन मागू नका प्लीज. फोन मागितला की पुढच्या वेळी "नाही" येतं.